वॉर्डातली सूचना वरपर्यंत कशी पोहोचते?

रुग्णालयात रुग्णाच्या सर्वांत जवळ आणि सर्वाधिक वेळ परिचारिका असते. डॉक्टरांचा राऊंड ठरावीक वेळी होतो; परिचारिका मात्र सकाळ, दुपार आणि रात्र अशा तिन्ही पाळ्यांत वॉर्डातच असतात. ऑक्सिजन सिलिंडरची चावी ऐनवेळी का सापडत नाही, कोणत्या खाटेजवळचा प्लग सैल झाला आहे, पावसाळ्यात कोणत्या दारातून पाणी आत येते आणि तिथे रुग्ण घसरतात, हे सारे त्यांना पाठ असते. नातेवाइकांनाही हे ठाऊक असते, म्हणून काहीही अडले की ते आधी ‘सिस्टर’ अशीच हाक मारतात. तरीही कामाची पद्धत बदलायची वेळ येते तेव्हा निर्णय बहुधा वरून खाली येतो. खालून वर गेलेल्या सूचनेतून झालेला बदल क्वचितच दिसतो. जिला सर्वांत जास्त दिसते, तिचे म्हणणे निर्णय घेणाऱ्यापर्यंत पोहोचताना वाटेत कुठे अडते?

रत्नागिरी जिल्ह्यात या प्रश्नाला वेगळे महत्त्व आहे. मंडणगडापासून राजापुरापर्यंतच्या नऊ तालुक्यांत वाड्या डोंगरउतारांवर विखुरलेल्या आहेत. रुग्ण अत्यवस्थ झाला, तर आंबा घाट चढून कोल्हापूर गाठावे लागते किंवा मुंबईची वाट धरावी लागते. दोन्ही वाटा लांबच्या, आणि पावसात दरड कोसळली तर आणखी लांबच्या. २०२३ मध्ये रत्नागिरीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, तरी अंतराचा हा प्रश्न पूर्ण सुटत नाही. त्यामुळे जवळच्या रुग्णालयात जे उपचार होतात, ते वेळेवर आणि बिनचूक होणे इथे फार मोलाचे ठरते. त्यासाठी लागणाऱ्या अनेक छोट्या सुधारणांची माहिती परिचारिकांकडेच असते.

सूचना, तक्रार आणि इशारा

आधी तीन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात. ‘इमर्जन्सी ट्रॉलीत वेळेला काही मिळत नाही’ ही तक्रार झाली. तीत त्रास आहे, पण पुढे काय करायचे ते नाही. ‘सहा नंबरच्या रुग्णाचा रक्तदाब घसरतोय, आत्ता या’ हा इशारा झाला. तो त्याच क्षणी, थेट डॉक्टरांना द्यायचा असतो. तिथे अधिकाराच्या पायऱ्या चढत बसायला वेळ नसतो. ‘ट्रॉलीतल्या वस्तूंची यादी झाकणावर चिकटवावी आणि प्रत्येक पाळीच्या सुरुवातीला ती पडताळून सही करावी’ ही सूचना झाली. तीत अडचण आहे, उपाय आहे, आणि तो उद्याही, पुढच्या महिन्यातही टिकेल अशी व्यवस्था आहे.

तिन्ही गोष्टी रुग्णाच्या हिताच्याच असतात, पण त्यांच्या वाटा वेगळ्या आहेत. इशारा सूचनेच्या वाटेने गेला तर रुग्ण दगावू शकतो. सूचना तक्रारीच्या सुरात गेली तर ऐकणारा बचावाचा पवित्रा घेतो आणि मूळ मुद्दा बाजूला पडतो.

वेळ मारून नेण्याची सवय

परिचारिकेच्या कामात दिवसभर छोटे अडथळे येतात. चादरी संपलेल्या असतात, सक्शनची नळी बसत नाही, केसपेपर दुसऱ्या विभागात राहिलेला असतो. अशा वेळी ती शेजारच्या वॉर्डातून चादर आणते, नळीला चिकटपट्टी लावते, मामांना (वॉर्डबॉयना) केसपेपर आणायला धाडते. रुग्णाचे काम होते आणि पाळी पुढे सरकते.

अमेरिकेतील अनिता टकर आणि एमी एडमंडसन या संशोधिकांनी नऊ रुग्णालयांतील परिचारिकांच्या कामाचे तासन्‌तास निरीक्षण करून २००३ मध्ये निष्कर्ष मांडले. अडथळा आला की परिचारिका बहुतेक वेळा तो तिथल्या तिथे दूर करून पुढे जात. तो पुन्हा येऊ नये म्हणून वरिष्ठांना कळवण्याचे प्रसंग अगदी थोडे होते. यात आळस कुठेच नव्हता. उलट जी परिचारिका हिकमतीने वेळ निभावून नेते, तिलाच सगळे हुशार म्हणतात. पण तिच्या हिकमतीमुळे अडचण झाकली जाते. छपराच्या गळतीखाली बादली ठेवली की जमीन कोरडी राहते, पण कौल फुटलेलेच राहते, आणि घराच्या मालकाला ते फुटले आहे हे कळतही नाही.

म्हणून सूचनेची पहिली पायरी म्हणजे बादली ठेवल्याची नोंद करणे. कोणत्या वस्तूसाठी, किती वेळा, किती मिनिटे धावपळ झाली याच्या टिपणातून फुटलेले कौल नेमके कुठे आहे ते सापडते.

पायऱ्या आणि पाट

महाराष्ट्रातील शासकीय रुग्णालयांत परिचर्या विभागाची उतरंड ठरलेली आहे. वॉर्डात प्रत्यक्ष काम करणारी ती अधिपरिचारिका, म्हणजे स्टाफ नर्स. तिच्या वरच्या पायरीवर वॉर्डाची जबाबदारी असलेली परिसेविका असते; तिला सगळे इन्चार्ज सिस्टर म्हणतात. त्यानंतर सहाय्यक अधिसेविका आणि अधिसेविका, म्हणजे मेट्रन. जिल्हा रुग्णालयात त्यापुढे निवासी वैद्यकीय अधिकारी आणि जिल्हा शल्यचिकित्सक असतात. वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेल्या रुग्णालयात वैद्यकीय अधीक्षक आणि अधिष्ठाता ही पदे येतात.

कोकणातल्या नारळी-पोफळीच्या बागेला पाटाने पाणी दिले जाते. वरच्या वहाळातून निघालेले पाणी वळणावळणाने बागेत येते आणि प्रत्येक वळणावर थोडे झिरपते. पाट राखला नाही, तर शेवटच्या झाडापर्यंत नुसती ओल पोहोचते. सूचनेचेही असेच होते, फक्त तिचा प्रवास खालून वर असतो. स्टाफ नर्स सांगते, ‘रात्री दोन वाजता स्टोअर बंद असते, म्हणून या तीन वस्तू वॉर्डात हव्यात.’ इन्चार्ज सिस्टर पुढे सांगतात, ‘रात्री सामान कमी पडते.’ मेट्रनपर्यंत जाते ते ‘स्टोअरबद्दल तक्रार आहे.’ त्यापुढे पोहोचतो तो ‘स्टोअर आणि वॉर्डाचा वाद.’ वाटेत तीन वस्तू गळल्या, दोनची वेळ गळली, उपायही गळला. मुद्दाम कोणीच काही केले नाही. तोंडी निरोप प्रत्येक टप्प्यावर आखडत जातो, त्याचा हा परिणाम.

यावरचा उपाय जुनाच आहे: मूळ शब्द कागदावर असावेत आणि तोच कागद वर जावा. प्रत्येक पायरीवर त्यावर शेरा वाढावा, पण मूळ मजकूर पुन्हा लिहिला जाऊ नये.

गप्प राहण्याची कारणे

कागद आणि पेन समोर असूनही सूचना लिहिली जात नाही, त्यामागे साधारण तीन कारणे असतात.

पहिले कारण भीती. ‘हे तुला कोणी विचारले?’ असे उत्तर एकदा मिळाले की पुढच्या वेळी तोंड उघडत नाही. नवीन रुजू झालेली किंवा कंत्राटी परिचारिका तर अधिकच जपून असते. पद्धतीतला दोष दाखवला तर तो आपल्याच चुकीचा कबुलीजबाब ठरेल, अशीही धास्ती असते.

दुसरे कारण निराशा. ‘सांगून काय होणार?’ हे वाक्य भीतीपेक्षाही अधिक सूचना गिळते. पूर्वी दिलेल्या सूचनेला होकारही आला नाही आणि नकारही आला नाही, म्हणजे ती वाचलीच गेली नाही, असा अर्थ माणूस काढतो.

तिसरे कारण वेळ. सामान्य वॉर्डात सहा खाटांमागे एक परिचारिका असावी, असे प्रमाण केंद्र सरकारच्या कर्मचारी तपासणी विभागाने सुचवले होते. प्रत्यक्षात रात्रपाळीत एकीवर त्याहून कितीतरी अधिक रुग्णांचा भार पडतो. इंजेक्शने, नोंदी, दाखल होणारे नवे रुग्ण आणि नातेवाइकांचे प्रश्न यांतून सूचना लिहायला उसंत मिळत नाही. रिक्त पदे भरणे हाच यावरचा खरा उपाय आहे आणि सूचनापेटी त्याची जागा घेऊ शकत नाही. मात्र सूचना देणे जितके सोपे आणि थोडक्यात असेल, तितक्या त्या अधिक येतील.

भीतीचा परिणाम किती फसवा असतो, हे एमी एडमंडसन यांच्याच एका आधीच्या अभ्यासात दिसले. औषधे देण्यातल्या चुकांचा अभ्यास करताना, चांगल्या नेतृत्वाच्या आणि परस्परविश्वासाच्या विभागांत चुका कमी सापडतील, अशी त्यांची अपेक्षा होती. आकडे उलटे निघाले. चांगल्या विभागांत चुकांची नोंद अधिक होती. खोलात गेल्यावर उलगडा झाला: त्या विभागांत चुका जास्त घडत नव्हत्या, त्या मोकळेपणाने सांगितल्या जात होत्या. धाकातल्या विभागांत त्या लपत होत्या. १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षांतून पुढे ‘मानसिक सुरक्षितता’ ही कल्पना पक्की झाली. प्रश्न विचारल्याने, चूक सांगितल्याने किंवा वेगळे मत मांडल्याने आपला अपमान होणार नाही, असा गटातल्या सर्वांना वाटणारा भरवसा म्हणजे मानसिक सुरक्षितता. ज्या वॉर्डाच्या वहीत वर्षभर एकही अडचण नोंदलेली नाही, तो वॉर्ड निर्दोष असेल असे नाही. तिथे कोणी बोलत नसेल, अशीही शक्यता असते.

एका काचेच्या नळीचे उदाहरण

सूचना कशी तयार होते, हे कोकणातल्या नेहमीच्या प्रसंगावरून पाहता येते. पावसाळ्यात शेतात आणि बागांत सर्पदंश होतात. जांभ्या दगडाच्या सड्यांवर, दगडांखाली राहणारे फुरसे या भागात विशेष परिचित आहे. फुरसे आणि घोणस यांच्या विषाने रक्ताची गोठण्याची शक्ती बिघडते. ती बिघडली आहे की नाही, हे पाहण्यासाठी एक साधी चाचणी आहे. रुग्णाचे सुमारे दोन मिलिलिटर ताजे रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत घ्यायचे, ते वीस मिनिटे अजिबात न हलवता ठेवायचे आणि मग नळी एकदाच तिरकी करून पाहायची. रक्त गोठले नसेल, तर विषाचा परिणाम झाला आहे असे समजतात आणि प्रतिविष देण्याचा निर्णय त्यावरून घेतला जातो. प्रतिविष दिल्यानंतर सहा तासांनी ही चाचणी पुन्हा करतात.

चाचणी सोपी असली तरी तिच्या अटी कडक आहेत. काचेच्या पृष्ठभागाशी संपर्क आल्याने रक्त गोठण्याची क्रिया सुरू होते. नळी प्लॅस्टिकची असेल किंवा काचेची असूनही साबणाच्या पाण्याने धुतलेली असेल, तर निरोगी रक्तही न गोठण्याची शक्यता असते. मग गरज नसताना प्रतिविष दिले जाऊ शकते, आणि प्रतिविषाची तीव्र ॲलर्जी येऊ शकत असल्याने ही चूक साधी नाही. वीस मिनिटांच्या आत कोणी नळी हलवून पाहिली, तरीही निष्कर्षावर भरवसा ठेवता येत नाही.

आता असे समजू की अपघात विभागातल्या एका परिचारिकेच्या लक्षात येते, रात्री योग्य नळी हाताशी नसते, आणि वीस मिनिटे नेमकी कधी सुरू झाली याची नोंदही राहत नाही. ‘नळ्या मिळत नाहीत’ एवढेच ती म्हणाली, तर ती तक्रार होईल. सूचना अशी होईल: नव्या, कोरड्या काचेच्या नळ्या झाकणाच्या डब्यात वेगळ्या ठेवाव्यात, डब्यावर ‘फक्त सर्पदंश चाचणीसाठी’ असे लिहावे, सोबत गजर लावता येणारे घड्याळ असावे, आणि केसपेपरवर रक्त घेतल्याची व नळी पाहिल्याची वेळ लिहिण्यासाठी दोन ओळींचा शिक्का असावा.

या एका सूचनेचेही तीन पत्ते आहेत. डबा ठेवणे इन्चार्ज सिस्टरच्या हातात आहे. नळ्या नियमित मिळणे मेट्रन आणि भांडार विभाग पाहतील. केसपेपरवरच्या शिक्क्यासाठी संबंधित वैद्यकीय अधिकाऱ्यांची संमती लागेल. सूचना अनेकदा अडतात त्या चुकीच्या पत्त्यामुळे. जे काम वॉर्डातच होण्यासारखे आहे त्यासाठी जिल्हा शल्यचिकित्सकांकडे अर्ज जातो, आणि ज्याला शासनाची मंजुरी लागते ते इन्चार्ज सिस्टरकडे मागितले जाते. म्हणून लिहिण्याआधी ‘हे ठरवण्याचा अधिकार कोणाकडे आहे?’ हा प्रश्न विचारावा आणि सूचनेचे तुकडे त्याप्रमाणे पाडावेत.

पेटी नीट भरली तर माल पोहोचतो

रत्नागिरीचा हापूस मुंबईच्या बाजारात जातो तेव्हा आंबा चांगला असून भागत नाही. पेंढ्यात नीट बसवलेली फळे, पेटीवर डझनांचा आकडा, पाठवणाऱ्याचे नाव आणि पत्ता हे सारे लागते. सूचनेच्या बांधणीसाठी उपयोगी पडणारी, रुग्णालयांत जगभर वापरली जाणारी चार कप्प्यांची एक पेटी आहे. अमेरिकी नौदलाच्या पाणबुड्यांवर माहिती थोडक्यात आणि अचूक देण्यासाठी ही पद्धत वापरात होती. तिथून ती रुग्णालयांत आली. तिचे चार कप्पे म्हणजे परिस्थिती, पार्श्वभूमी, मूल्यमापन आणि शिफारस. रुग्णाबद्दल डॉक्टरांना फोन करताना ती मुख्यतः वापरतात, पण सुधारणेच्या सूचनेलाही ती चपखल बसते. वरच्या उदाहरणाची पेटी नमुन्यादाखल अशी भरता येईल:

परिस्थिती: सर्पदंशाच्या चाचणीसाठी कोरडी काचेची नळी रात्रपाळीत वेळेवर मिळत नाही.
पार्श्वभूमी: गेल्या महिन्यात दहापैकी चार वेळा नळी प्रयोगशाळेतून आणावी लागली, दोनदा ती धुतलेली होती.
मूल्यमापन: निष्कर्ष चुकण्याचा धोका आहे आणि उपचारांना उशीर होतो.
शिफारस: वीस नळ्यांचा वेगळा डबा आणि एक घड्याळ अपघात विभागात एक महिना ठेवून पाहावे.

चारच ओळी, पण त्यांत ‘कोणी हलगर्जीपणा केला’ हे शब्द कुठेच नाहीत. माणसाकडे बोट दाखवले की ऐकणाऱ्याचे लक्ष त्या माणसाकडे जाते. पद्धतीकडे दाखवले की ते पद्धतीवर राहते. शिवाय शिफारस मुदतीची आहे. ‘कायमचे करा’ म्हटले की अधिकाऱ्याला दहा शंका येतात. ‘महिनाभर करून पाहू’ म्हटले की होकार देणे सोपे जाते.

‘दहापैकी चार’ या शब्दांत बरीच ताकद आहे. आकड्यांनी वरिष्ठांना पटवण्याची परंपरा आधुनिक परिचर्येच्या उगमापासून चालत आलेली आहे. १८५४ मध्ये क्रिमियाच्या युद्धात स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयात गेलेल्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांना दिसले की सैनिक जखमांपेक्षा अस्वच्छतेतून होणाऱ्या रोगांनी अधिक मरत आहेत. परतल्यावर त्यांनी मृत्यूंचे आकडे महिनावार मांडून त्यांची रंगीत वर्तुळाकार आकृती काढली, ती मंत्री आणि सेनाधिकारी यांच्यापुढे ठेवली आणि सुधारणा घडवून आणल्या. वॉर्डाच्या वहीत मारलेल्या रेघाही त्याच जातीचा पुरावा आहेत. रोज एक रेघ, महिन्याच्या शेवटी बेरीज.

आधी लहान, मग मोठे

सूचना मान्य झाली तरी ती एकदम सगळीकडे लागू करणे धोक्याचे असते. गुणवत्ता सुधारणेत चार टप्प्यांचे चक्र वापरतात: ठरवा, करा, तपासा, पक्के करा. शेतकरी नवे बियाणे आधी एका वाफ्यात पेरून पाहतो आणि उगवण बघून मगच सारे शेत त्याखाली आणतो, तशीच ही रीत.

नळ्यांचा डबा आधी एका विभागात, एका महिन्यासाठी ठेवायचा. महिन्याअखेरीस पाहायचे: किती वेळा नळी लगेच मिळाली, वेळेची नोंद किती केसपेपरांवर झाली, डबा कोणी दुसऱ्या कामासाठी उघडला का. कोकणच्या दमट हवेत झाकण सैल राहिले तर आत ओल शिरते, हेही याच टप्प्यात कळेल. ग्लुकोमीटरच्या पट्ट्यांच्या डबीचे झाकण उघडे राहिले की त्या पट्ट्या दमटपणाने बिघडतात, हा अनुभव परिचारिकांना असतोच. जे जमले ते पक्के करायचे, जे जमले नाही ते बदलून पुन्हा पाहायचे. प्रयोग फसला तरी एका विभागाचाच महिना गेलेला असतो, आणि त्यातून शिकायला मिळालेले असते.

अधिसेविकेच्या टेबलावर

आतापर्यंतचा विचार सूचना देणारीच्या बाजूने झाला. पण सूचना टिकते की विरते, हे ऐकणाऱ्यावर अधिक ठरते. मेट्रन किंवा इन्चार्ज सिस्टर यांच्याकडून तीन गोष्टींची अपेक्षा असते.

पहिली, विचारणे. पाळी बदलताना ओव्हर दिला-घेतला जातो, तेव्हा रुग्णांची माहिती झाल्यावर ‘आज काय अडले?’ हा एक प्रश्न रोज विचारला, तर सूचनेसाठी वेगळा वेळ काढावा लागत नाही. ‘काही अडचण नाही ना?’ असे विचारले तर उत्तर ‘नाही, मॅडम’ हेच येणार, कारण प्रश्नातच ते उत्तर दडलेले असते.

दुसरी, उत्तर देणे. उत्तरे तीनच प्रकारची असतात: हो, आणि कधीपासून; नाही, आणि का; थांबा, आणि कोणत्या तारखेपर्यंत. कारणासह दिलेला नकार माणूस पचवतो. मौन मात्र पुढच्या दहा सूचना बंद पाडते. एका साध्या वहीत पाच रकाने पुरतात: तारीख, सूचना, कोणाकडे दिली, काय ठरले, कधी झाले. वही सर्वांना पाहता आली पाहिजे.

तिसरी, श्रेय आणि पाठिंबा. बदल झाला तर तो कोणाच्या सूचनेतून झाला हे सर्वांसमोर सांगावे. पाठिंब्यासह अधिकार देण्याने काय साधते, याचे ठळक उदाहरण अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातले आहे. तिथले डॉ. पीटर प्रोनोव्होस्ट यांनी मोठ्या रक्तवाहिनीत नळी घालताना होणारा जंतुसंसर्ग टाळण्यासाठी पाच मुद्द्यांची तपासणी-यादी केली. हात धुण्यासारख्या त्या साध्याच गोष्टी होत्या. खरा बदल पुढचा होता: डॉक्टरांकडून एखादी पायरी सुटली, तर त्यांना थांबवण्याचा अधिकार परिचारिकांना दिला गेला आणि व्यवस्थापन त्यांच्या पाठीशी उभे राहिले. हीच पद्धत मिशिगन राज्यातील शंभराहून अधिक अतिदक्षता विभागांत वापरल्यावर अशा संसर्गात ६६ टक्क्यांपर्यंत घट झाली. हे निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. परिचारिकांना त्या पायऱ्या आधीपासून माहीत होत्या. बोलल्यावर कोणी पाठीशी उभे राहील याची खात्री त्यांना नव्हती.

असलेले दरवाजे

भारतातील शासकीय आरोग्यव्यवस्थेत अशा सूचनांना अधिकृत वाटा आहेत. २०१३ पासून राष्ट्रीय गुणवत्ता हमी मानके लागू झाली. त्यांत रुग्णालयाचे गुणवत्ता पथक, अंतर्गत मूल्यमापन आणि उणिवा भरून काढण्याचे वेळापत्रक अपेक्षित असते. स्वच्छता आणि संसर्ग नियंत्रणासाठी २०१५ मध्ये ‘कायाकल्प’ उपक्रम आला. प्रसूतिगृहांसाठी डिसेंबर २०१७ मध्ये ‘लक्ष्य’ कार्यक्रम सुरू झाला. त्यात प्रसूतिगृहासाठी गुणवत्ता मंडळ असते आणि परिचारिका त्याच्या सदस्य असतात. मूल्यमापनाच्या आधी भिंती रंगवण्याची घाई होते, पण या मंडळाचा खरा उपयोग महिन्याच्या बैठकीत वॉर्डाच्या वहीतल्या सूचना वाचण्यासाठी आहे.

थोडा खर्च लागणाऱ्या सूचनेसाठी रुग्ण कल्याण समितीचा निधी ही वाट असते. नळ्यांचा डबा, भिंतीवरचे घड्याळ, ओल्या जागी घसरू नये म्हणून अंथरायची पट्टी अशा गोष्टींसाठी मोठ्या प्रस्तावाची वाट पाहावी लागू नये, हाच अशा निधीमागचा हेतू आहे. एखाद्या औषधाचा दुष्परिणाम दिसला, तर २०१० पासून चालू असलेल्या भारतीय औषधदक्षता कार्यक्रमाकडे परिचारिकाही थेट नोंद पाठवू शकतात. त्यासाठी डॉक्टर असण्याची अट नाही. सदोष उपकरणांसाठी २०१५ पासून तशीच वेगळी व्यवस्था आहे. ‘हे सलाईन सेट नेहमी गळतात’ ही वॉर्डातली कुजबुज या वाटेने देशपातळीवरची माहिती होऊ शकते.

चौकट: थोडक्यात

सूचना देणाऱ्यांसाठी
• अडथळा निभावून नेला तरी वहीत एक रेघ ओढावी.
• माणसाबद्दल न लिहिता पद्धतीबद्दल लिहावे.
• परिस्थिती, पार्श्वभूमी, मूल्यमापन, शिफारस: चार ओळी पुरेत.
• ठरवण्याचा अधिकार कोणाकडे आहे ते पाहून पत्ता लिहावा.
• कायमचा बदल मागण्याआधी मुदतीचा छोटा प्रयोग मागावा.
• रुग्णाला तत्काळ धोका असेल तर सूचना लिहीत बसू नये. लगेच बोलावे, आणि ऐकले नाही तर पुन्हा बोलावे.

ऐकणाऱ्यांसाठी
• ओव्हरच्या वेळी रोज विचारावे: आज काय अडले?
• हो, नाही किंवा थांबा: उत्तर तारखेसह आणि कारणासह द्यावे.
• मूळ शब्द न बदलता सूचना वर पाठवावी.
• श्रेय नावानिशी द्यावे.

सुरुवात कुठून

या सगळ्यासाठी नवे पद, नवी इमारत किंवा मोठा निधी लागत नाही. लागते ती एक वही, रोजचा एक प्रश्न आणि दिलेल्या तारखेला दिलेले उत्तर. मंडणगडच्या ग्रामीण रुग्णालयातही हे होऊ शकते आणि रत्नागिरीच्या जिल्हा रुग्णालयातही. रुग्णांच्या नातेवाइकांचाही यात वाटा आहे. एखाद्या सिस्टरने किंवा ब्रदरने कामाची चांगली रीत बसवलेली दिसली, तर ती अभिप्राय वहीत नावासह लिहावी. ती नोंद वरिष्ठ वाचतात, आणि पुढची सूचना करण्याचे बळ त्यातून मिळते. प्रत्येक इन्चार्ज सिस्टरने उद्या सकाळच्या ओव्हरला ‘काल काय अडले?’ एवढे विचारावे, जे उत्तर येईल ते त्याच शब्दांत लिहून घ्यावे, आणि त्याच्यापुढे उत्तराची तारीख घालावी.